जाळ्याचा कौल

आमच्या संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बाकांवर माणसं, जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं, पाण्याच्या नळाशी रांग. कुणाच्या हातात फायलींचा गठ्ठा, कुणाच्या मांडीवर बर्फाचा डबा आणि त्या डब्यात आपल्या माणसाच्या गाठीचा तुकडा. दार जरा किलकिलं झालं की सगळ्या माना एकदम वळत. आत काय चालतं ते कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे बाहेर त्याच्या कहाण्या छान रंगत. एका बाईच्या बाबतीत म्हणे डॉक्टरांनी हात टेकले होते. आतल्या यंत्राने औषधाचं नाव सांगितलं आणि आता ती तीन जिने चढून येते. कुणाच्या तरी मेव्हण्याला यंत्राने सांगितलं, हे औषध तुला लागू पडणार नाही, आणि खरंच पडलं नाही. हा मेव्हणा आता हयात नव्हता, पण यंत्राचा शब्द खरा ठरवला म्हणून लोक त्याचं नाव आदराने घेत.

अशी गर्दी मला नवी नाही. कॉलेजात असल्यापासून मी आणि माझी मोठी बहीण बाबा-बुवांच्या मागे हात धुऊन लागलो होतो. ताई शाळेत विज्ञान शिकवायची, मी तिच्यामागे पिशवी धरून फिरायचो. डोळ्यांवर पट्टी बांधून चिठ्ठ्या वाचणारा एक होता. पट्टीच्या खालून, नाकाच्या कडेने त्याला सगळं दिसत होतं. पोट न कापता हाताने गाठ उपसून काढणारा एक होता; त्याच्या बाहीतली रंगीत पाण्याची पिशवी आणि कोंबडीचं आतडं ताईने चारचौघांत टेबलावर मांडलं. या विषयावर मी भाषणंही ठोकतो. लोक हसतात, टाळ्या वाजवतात, आणि मला ते आवडतं.

तेव्हा तुम्हाला वाटेल, की तिसऱ्या मजल्यावरच्या या बाबाचं पितळही मीच उघडं पाडलं असणार. अडचण एवढीच होती, की दाराआड बसलेला बाबा मीच होतो.

माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं, पण मला कुणाची नाडी सापडत नाही. माझं काम संगणकावरचं. कर्करोगाची प्रत्येक गाठ वेगळी असते. एकाला जे औषध तारतं, ते शेजारच्या खाटेवरच्याला नुसता त्रास देऊन जातं. पेशीच्या आत हजारो जनुकं असतात. एक दुसऱ्याला चालू करतं, दुसरं तिसऱ्याला गप्प बसवतं. हा सगळा कारभार संगणकात मांडायचा, त्याचं जाळं विणायचं, आणि या माणसाच्या गाठीत नेमका कुठला धागा तोडला तर ती कोसळेल ते शोधायचं. काम खरं आहे, गरजेचं आहे, आणि जगभर हुशार माणसं ते करतात. मीही त्यांच्यातलाच एक होतो, निदान डोक्यात हवा जाईपर्यंत.

हवा जायला कारणही तसंच झालं. एक नवी गोळी दोन रुग्णालयांतल्या रुग्णांना देऊन झाली होती. काहींना तिने चांगला हात दिला, बऱ्याच जणांना नाही. त्यांच्या गाठींचे नमुने गोठवून ठेवलेले होते. त्यातल्या निम्म्यांवर आम्ही यंत्राला, म्हणजे संगणकातल्या या जाळ्याला, शिकवलं आणि उरलेले त्याच्यापुढे ठेवून विचारलं, यातल्या कुणाला गोळी लागू पडली असेल? यंत्राने जवळजवळ प्रत्येकाचं बरोबर सांगितलं. माझ्या हाताखालची मंडळी नाचली. संचालकांनी बातमीदार बोलावले. एका बातमीदाराने मला 'कर्करोगाचा नकाशा वाचणारा माणूस' करून टाकलं, आणि तो अंक सासुरवाडीला वेळेवर पोचेल याची मी जातीने व्यवस्था केली.

मग संचालकांनी जाळ्याचं चित्र भिंतभर लावून घेतलं. काळ्या पडद्यावर शेकडो ठिपके, त्यांना जोडणाऱ्या बारीक रेघा, आणि रुग्णाचा नमुना लावून यंत्राचा कौल 'हो' आला की काही ठिपके लाल व्हायचे. भल्याभल्यांचा आवाज त्यापुढे आपोआप खाली यायचा. मी छडी घेऊन उभा राहायचो आणि सुरू व्हायचो. "हा ठिपका बघा. हा मुकादम. हा ओरडला की हे चौघे धावतात, हे धावले की गाठ वाढते. आपली गोळी जाऊन याचं तोंड बंद करते. मुकादम गप्प, कारखाना बंद." आणि ठिपके लाल झाले नाहीत, तर त्याचीही सोय होती. "इथे मुकादम झोपलेलाच आहे. कामगार आपल्या मनाने चालतायत. मग गोळी कुणाचं तोंड बंद करणार?" कुठलाही नमुना येवो, माझ्याकडे गोष्ट तयार असायची, आणि ती लोकांच्या आधी मलाच पटायची. बायको तर मला घरात मुकादम म्हणूनच हाक मारायला लागली होती. त्यातली चेष्टा मला कळली नाही, मला तो मान वाटला.

टाळ्या न वाजवणारं माणूस एकच होतं, शेजारच्या रुग्णालयातल्या कर्करोगतज्ज्ञ बाई. कुणी काहीही म्हटलं की त्यांचं पहिलं उत्तर "थांबा" असायचं, म्हणून आम्ही पाठीमागे त्यांना थांबाबाई म्हणायचो. त्यांनी मला विचारलं होतं, की यंत्र ज्यांच्यावर शिकलं आणि ज्यांच्यावर पास झालं, ते सगळे त्याच दोन रुग्णालयांतले ना? मी हो म्हणालो. मग तिसऱ्या कुठल्यातरी ठिकाणचे नमुने लावून बघा, त्या म्हणाल्या, आणि तोवर गर्दी जमवू नका. बाईंना हेवा वाटतोय, असं मी मनाशी ठरवून टाकलं. बाबा लोकांनाही आमच्याबद्दल नेमकं हेच वाटायचं, पण तेव्हा ते आठवलं नाही.

आणि मग ताईला छातीत गाठ लागली.

शस्त्रक्रिया थांबाबाईंच्याच रुग्णालयात झाली, ठीक झाली. प्रश्न होता तो पुढे काय द्यायचं याचा. बाईंचं मत सरळ होतं. या जातीच्या गाठीवर जुनीच औषधं, सलाइनमधून द्यायची. केस जातील, उलट्या होतील, तोंड येईल. पण गाठ परत येण्याची शक्यता त्यांनी बरीच कमी होते, हे कितीतरी बायकांवर वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे. मी ताईच्या गाठीचा तुकडा मागून घेतला आणि यंत्राला दिला. भिंतीवर ठिपकेच ठिपके लाल झाले. गोळी घेणाऱ्या आजवरच्या कुणाचंही जाळं इतकं सुंदर पेटलं नव्हतं. मी धावत ताईकडे गेलो आणि सांगितलं, सलाइन विसर, केस राख, रोज एक गोळी घे आणि खुशाल शाळेत जा.

"हे तू भाऊ म्हणून सांगतोयस की शास्त्रज्ञ म्हणून?" तिने विचारलं.

मी म्हटलं, दोन्ही. तिने विचार करायला थोडे दिवस मागून घेतले. चुकीचं औषध निवडलं तर गाठ परत येण्याची भीती होती, आणि परत आलेल्या गाठीपुढे मग कुणाचं फारसं चालत नाही. हे मला चांगलं माहीत होतं, आणि तरी मी रोज फोन करून तिचे कान भरत होतो.

त्याच सुमाराला बाईंकडून आमच्याकडे काही नमुने आले. बाटल्यांवर नाव नाही, रुग्णालय नाही, नुसते क्रमांक. प्रत्येकाचा निकाल कळवावा, एवढीच विनंती. मला वाटलं, आल्या बाई शरण. त्या दिवशी संस्थेत बडे पाहुणे आले होते, म्हणून मी ते नमुने मुद्दाम त्यांच्यासमोरच लावले. त्यातली एक गाठ लावली आणि भिंत काळी ती काळीच राहिली. मी छडी टेकवली, आवाजात थोडं दुःख आणलं आणि सांगितलं, की ही बघा, ही हट्टी गाठ, इथला मुकादम गाढ झोपलेला आहे. या रुग्णाला आमची गोळी म्हणजे निव्वळ पाणी. देणाऱ्याने देऊ नये, घेणाऱ्याने आशा धरू नये. एका पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि आपण बोललो छान, असं मला वाटून गेलं.

मग एका दुपारी बाईंनी मला बोलावणं पाठवलं. खोलीत ताई आधीच बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. मला वाटलं, गोळीचं नक्की झालं. बाईंनी माझाच निकाल माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, की ही काळी राहिलेली गाठ तुमच्या ताईंनाही जरा समजावून सांगा. मी कशाला मागे हटतोय. मुकादम, त्याची झोप, मनाने चालणारे कामगार, सगळं पुन्हा सांगितलं. फळा असता तर चित्रही काढलं असतं. ताई वर्गातल्या मुलाचं उत्तर ऐकावं तशी ऐकत होती.

"म्हणजे या बाईने तुझी गोळी घेऊ नये?"

"चुकूनही घेऊ नये."

"नक्की?"

"ताई, मी सगळ्यांसमोर सांगितलंय."

"ती गाठ माझी आहे," ताई म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग बाईंनी शांतपणे उलगडून सांगितलं. एकाच गाठीचे दोन तुकडे केले होते. एक, गाठ बाहेर आल्या आल्या गोठवला. दुसरा शस्त्रक्रिया संपेपर्यंत आणि वर सगळ्यांची जेवणं होईपर्यंत टेबलावरच राहू दिला, मग गोठवला. पहिला माझ्याकडे ताईच्या नावाने आला, दुसरा नुसत्या क्रमांकाने. एकच बाई, एकच गाठ. एकदा मी तिला तारलं होतं, एकदा मारलं होतं, आणि दोन्ही वेळा माझी गोष्ट झकास जमली होती.

ही कल्पना कुणाची, असं मी विचारलं. मला अजून बाईंवर चिडायचं होतं.

"माझी," ताई म्हणाली. "शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवलं होतं. एक तुकडा उशिरा गोठवायचं तेवढं बाईंनी सुचवलं. बाबांना आपण हेच करायचो ना? समोर कोण आहे ते त्यांना कळू द्यायचं नाही."

यानंतर मी जे बोललो, ते अनेक बाबांच्या तोंडून मी आधी ऐकलेलं होतं. नमुना शुद्ध नसेल, म्हणालो. यंत्राला असं कपटाने विचारायचं नसतं, म्हणालो. त्या दिवशी पाहुणे होते, गडबड होती, लक्ष नव्हतं.

"एक राहिलं," ताई म्हणाली. "खोलीत कुणाची तरी श्रद्धा कमी पडतेय, असंही म्हणून टाक."

ती चेष्टा करत होती, पण तिचे डोळे भरले होते. तिने जवळजवळ गोळीच घ्यायची ठरवली होती. यंत्रावर तिचा विश्वास बसला नव्हता, भावावर बसला होता. हे तिने मला तिथेच, बाईंसमोर सांगितलं, आणि मला त्या खुर्चीत बसवेना.

मी परत आलो, भिंतीवरचं चित्र बंद केलं आणि स्वतःच्याच बाहीत हात घालून बघायला लागलो. हाती लागलं ते इतकं साधं होतं, की शरम वाटली. शरीरातून काढलेला तुकडा लगेच मरत नाही. रक्त बंद होतं, पेशी घाबरतात, आणि संकटकाळची काही जनुकं त्यांच्यात धडाधड चालू होतात. तुकडा जितका वेळ बाहेर राहील तितका हा गोंधळ वाढतो. गोठवला की जिथल्या तिथे थांबतो. आमच्या दोन रुग्णालयांपैकी मोठ्या रुग्णालयात गोठवायची टाकी शस्त्रक्रियेच्या खोलीला लागूनच होती. तिथे येणाऱ्यांचा आजारही लवकर सापडलेला असायचा, त्यामुळे गोळीने त्यांना हात दिला. लहान रुग्णालयात टाकी तळघरात. तिथे दिवसभराच्या शस्त्रक्रिया उरकल्या, की सगळे तुकडे एका ट्रेमधून एकदमच खाली जायचे. तिथले रुग्ण यायचे तेच आजार पसरल्यावर, त्यामुळे गोळी त्यांच्या फारशी कामी आली नाही.

यंत्राला गाठीतलं काहीएक कळत नव्हतं. तुकडा ताजा आहे की शिळा, एवढंच ते ओळखत होतं. ताजा असला तर मोठं रुग्णालय, म्हणजे गुण येणार. शिळा असला तर लहान, म्हणजे नाही. खात्री करायला मी ती घाबरण्याची जनुकं वगळून यंत्र पुन्हा चालवलं, तर नाणं उडवून यावं तितपतच बरोबर यायला लागलं. उलट, फक्त तेवढीच जनुकं ठेवली, तर पुन्हा चमत्कार. माझा मुकादम बिचारा जागाही नव्हता आणि झोपलेलाही नव्हता, तो ट्रेमध्ये ताटकळत पडला होता. गंमत म्हणजे हा धोका आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतो. मी स्वतः तो विद्यार्थ्यांना शिकवतो, फळ्यावर अधोरेखित करून. दोन बाटल्यांतल्या पेशी एकाच माणसाच्या आहेत का, हे तपासायचं साधनही आमच्याकडे होतं. टाळ्या चालू असताना ते कपाटातून काढायचं कुणाला सुचलं नाही.

आता व्हरांड्यातल्या लोकांना सांगायचं उरलं. संचालक म्हणाले, हळूहळू सांगू, शब्द नीट निवडू. मी म्हटलं, माझे शब्द आतापर्यंत पुष्कळ निवडून झालेत. बाहेर गेलो आणि सांगून टाकलं, की हे यंत्र औषध ओळखत नाही, तुकडा किती वेळ बाहेर राहिला ते ओळखतं. तुमच्यातले जे जवळून आले, त्यांना बहुतेक 'हो' मिळालं. जे दोन-दोन गाड्या बदलून, वितळणाऱ्या बर्फाचा डबा सांभाळत आले, त्यांना 'नाही'. यंत्र तुमचा प्रवास मोजत होतं, आणि मी ते तुमच्या माणसाचं भवितव्य म्हणून सांगत होतो.

लोकांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कुणी विश्वासच ठेवेना. मोठी माणसं अशीच, स्वतःकडे कमीपणा घेतात, असं एक जण कौतुकाने म्हणाला. एका बाईंना वाटलं, आता हे यंत्र बड्या लोकांसाठी राखून ठेवणार आहेत. रांग जागची हलली नाही. तिला उभं राहायला मीच शिकवलं होतं, घरी जायला कसं शिकवायचं ते मला येत नव्हतं.

रांगेत पुढेच एक म्हातारे घड्याळजी होते. भिंग दोरीने गळ्यात लटकत होतं, डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. माझं बोलणं फक्त त्यांनीच नीट ऐकलं होतं, कारण त्यांना ते ऐकणं भाग होतं.

"माझ्या मुलीचं सलाइन मी थांबवलंय," ते म्हणाले. "यंत्र काय म्हणतं ते आधी कळू दे म्हटलं."

"काका, यंत्राला काही कळत नाही. तिला आजच परत डॉक्टरांकडे न्या."

"पेपरात तर तुम्हीच सांगितलं होतं."

"मला तेव्हा माहीत नव्हतं."

त्यांच्या तोंडावर राग नव्हता. बंद घड्याळ उघडून आत बघावं, तसे ते माझ्याकडे बघत होते.

"माहीत नव्हतं," ते म्हणाले, "तर बोललात कसं?"

इतक्या बाबांना मी इतके प्रश्न विचारले, पण एवढा साधा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. मी त्यांच्या हातातला डबा घेतला आणि त्यांना बाईंकडे घेऊन गेलो. बाई त्यांच्याशी बराच वेळ बोलल्या. काय माहीत आहे ते सांगितलं, काय माहीत नाही तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलगी दाखल झाली. मधल्या काळात जो खंड पडला तो तिला भोवणार की नाही, हे अजून कुणालाच सांगता येत नाही.

ताईने जुनीच औषधं घेतली. तिचे केस गेले, महिनाभर तिला अन्नाचा वास सहन होईना, आणि या काळात तिने मला जे टोमणे मारले ते मी मुकाट्याने ऐकले. आतापर्यंतच्या तपासण्या चांगल्या आल्या आहेत. जाळ्याचं काम मी सोडलेलं नाही. ते खरं काम आहे आणि कधीतरी त्यातून नेमकं औषध नेमक्या माणसाला मिळेल, असं मला अजून वाटतं. फक्त आता नमुने निघाल्या निघाल्या गोठवले जातात, नवनव्या रुग्णालयांतून येतात, आणि कोणता कुणाचा हे बाईंनाच ठाऊक असतं. नवं यंत्र बऱ्याचदा 'सांगता येत नाही' असं म्हणतं. अशा यंत्राला बघायला पाहुणे येत नाहीत. व्हरांडा मोकळा आहे. ती सगळी माणसं, ऐकतो, आता पलीकडच्या रस्त्याला जातात. तिथे कुणी रक्ताच्या एका थेंबावरून औषध सांगतो म्हणे.

तुम्ही त्या रांगेत असाल, तर आत गेल्यावर घड्याळजींचा प्रश्न आधीच विचारा. हे तुम्हाला कसं कळलं? तुमचं चुकत असेल तर ते उघडं पडेल, असं तुम्ही काय करून बघितलंत? समोर बाबा असो, डॉक्टर असो की माझ्यासारखा संगणकवाला असो, प्रश्न विचारायला संकोच नको. उत्तराच्या जागी गोष्ट ऐकू आली, तर उठून बाहेर या. आणि कुणी कितीही खात्रीने काहीही सांगितलं, तरी तोवर चालू असलेलं औषध बंद करू नका. त्या मुलीचं सलाइन तिच्या वडिलांनी थांबवलं असं ते म्हणतात, पण ते मी थांबवलं होतं.